घोळाची जुडी

संपादकांचा निरोप आला, ‘तुमच्या नोकरीतले अनुभव लिहून द्या.’ मी नोकरी एक दिवसही केलेली नाही. नोकरी करणाऱ्यांना जेवू घातलं. बोईसर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर माझी खानावळ होती. एकोणीसशे साठनंतर तारापूरला विजेच्या कारखान्याचं मोठं बांधकाम निघालं आणि कुठकुठली माणसं पोट घेऊन आमच्या गावात आली, तेव्हाची ही गोष्ट. त्या पोटांची व्यवस्था ज्यांनी केली त्यांत मी होते, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

खानावळवाली बाई स्वयंपाक करते असं लोकांना वाटतं. स्वयंपाक काय, घरोघरी बायका करतातच. खानावळवाली तुलना सोसते. सोलापूरचा म्हणणार चटणी अशी नसते, नागपूरचा म्हणणार वरणाला चव नाही, रत्नागिरीचा तांदळाला नाक मुरडणार. ‘आमच्या आईच्या हातची...’ असं कुणी सुरू केलं की मी पळी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “मग आईला घेऊन ये, माझी चूल मोकळी आहे.” मी तेव्हा जेमतेम तिशीची, पण सगळी मला मावशी म्हणायची, आपल्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते म्हणायचे, “तुझी जीभ जरा आवर, गिऱ्हाईक तुटेल.” माझ्या जिभेपायी गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. ज्याच्या ताटात गरम भात पडतो तो जिभेचं मनावर घेत नाही.

माझ्या दोन चुली. आतली मासळीची. मागच्या पडवीत दुसरी, शाकाहारी माणसांसाठी. त्या चुलीची भांडी वेगळी, पळी वेगळी, विळी वेगळी, घासायची राखसुद्धा वेगळी. कोळ्या-वाडवळांच्या मुलखात शाकाहारी चूल सांभाळणं म्हणजे उंदरांच्या गावात शेव तळण्यासारखं आहे. पण मी ती सांभाळली, आणि ज्याला शंका असेल त्याला पडवीत नेऊन उभं करायचे.

आता भाजीचं. बोईसरला तेव्हा भाजी म्हणजे बटाटा, कांदा आणि सुरतेकडून येताना अर्धी कोमेजलेली वांगी. रोज उठून माणूस बटाटा किती खाईल? मी रानभाजीकडे वळले ती हौसेनं नाही, नडीनं. पण विद्या माझ्याकडे होती. माझं माहेर माहीमचं. मुंबईचं नव्हे, आमचं केळव्याच्या शेजारचं. वडिलांची पानवेलीची वाडी, नारळी-पोफळीच्या सावलीत. वाडीत वाढलेल्या मुलीला भाजी आणि तण यांतला फरक शिकवावा लागत नाही. तिला एवढंच कळतं की काही तणांची भाजी होते.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रानातली भाजी ओळखायची तर एका खुणेवर कधीच विसंबू नये. पान जुळलं म्हणून तोडली असं नसतं. पान, देठ, फूल, वास, तिन्ही-चारही साक्षी एका तोंडानं बोलल्या तरच टोपलीत टाकायची. ‘गुरं खातात ते माणसाला चालतं’ असं सांगणाऱ्याला मी खानावळीत कामाला ठेवणार नाही, कारण शेळी रुईची पानं चघळते आणि ढेकर देते. गटाराच्या काठची, रेल्वेच्या रुळांलगतची, तेल सांडलेल्या जमिनीवरची भाजी कितीही टवटवीत दिसो, ती तिथंच राहू द्यायची. आणि नव्या माणसाला नवी भाजी पहिल्यांदा चमचाभरच वाढायची. एवढं ज्यानं पाळलं त्याला रान उपाशी ठेवत नाही. माझ्या खानावळीत इतकी वर्षं रानभाजी शिजली, एकाचंही पोट बिघडलं नाही. हे मी फुशारकीनं सांगते आहे, तसंच वाचावं.

तर पवार ओव्हरसियर. सातारकडचा तरणा मुलगा, कंत्राटदाराकडे काँक्रीटच्या कामावर देखरेखीला होता. घरातला पहिला शिकलेला आणि पहिला पगारदार. बोलायला गोड, जेवायला वाघ. रविवारी आतल्या चुलीचं जेवायचा आणि जेवून झाल्यावर साबणानं दोनदा हात धुवायचा, कारण घरी आई होती आणि ती माळकरी होती. त्याचे वडील नुकतेच वारले होते. थोडीशी जमीन भाऊबंदांनी वाट्यानं करायला घेतली, घराला कुलूप लागलं, आणि हा आईला क्वार्टरवर घेऊन आला. आईला सगळे आक्का म्हणायचे. तिच्यासाठी माझ्या पडवीतल्या चुलीवरून रोज डबा जायचा.

तो डबा परत येऊ लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, नवी जागा आहे. मग मी वरण पातळ केलं, घट्ट केलं, फोडणी बदलली, तूप वाढवलं. डबा जसा गेला तसा परत. भाताला बोट लागलेलं नाही. माझ्या हातचा डबा परत येतो हे मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मी पवारला एका बाजूला घेतलं आणि विचारलं, “काय हो, माझ्या चुलीचा संशय आहे का त्यांना? आणा इकडे, डोळ्यांनी बघू देत.”

“तसं नाही, मावशी,” तो म्हणाला. “ती काहीच खात नाही. चहा घेते, कपभर दूध घेते. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणतात रोग काही नाही, पण अशीच राहिली तर हाती लागायची नाही.” मग म्हणाला, “मी नोकरी सोडायचं म्हणतोय. तिला गावी घेऊन जातो. इथं माझ्या डोळ्यांदेखत वाळतेय ती.”

गावी जाऊन काय करणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जमीन दुसऱ्यांच्या हातात, घर बंद, पगार गेला की चूल पेटायची पंचाईत. मी त्याला म्हटलं, “राजीनामा काय, कागदाचा तुकडा, कधीही देता येतो. आधी त्यांना विचारा, खावंसं काय वाटतं. वरण-भात नको. मग काय हवं?”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपार टळल्यावर पवार माझ्या दारात उभा. एका हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून पाणी ठिबकतंय, आणि चेहरा शाळेतून हाकलून दिलेल्या पोरासारखा.

“मावशी, हे तुम्हीच ठेवून घ्या.”

पान उलगडून बघते तर आत घोळीची तुकडी. आता पालघरकडच्या माणसाला घोळ काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घोळ म्हणजे आमच्याकडची मानाची मासळी. एखादी हाताएवढी लांब असते, आणि घरी घोळ आली की शेजारपाजारी आपोआप चौकशीला येतात. मी विचारलं, “माळकरी बाईच्या घरी घोळ?”

“आक्काला विचारलं काय खावंसं वाटतं. बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, घोळ. म्हणून पालघरच्या बाजारात गेलो.”

पुढचं त्यानं अर्धं सांगितलं आणि अर्धं मला हिराबायनं सांगितलं. हिराबाय सातपाटीची कोळीण, पालघरच्या बाजारात बसायची, माझी नेहमीची मासळी तिच्याकडची. पवार भाजीबाजारात सगळ्यांना ‘घोळ आहे का’ विचारत हिंडला. भाजीवाल्यांनी त्याला मासळीच्या रांगेकडे बोट दाखवलं. याला वाटलं, भाजीचा आणखी एखादा कोपरा असेल तिकडे. हा जाऊन हिराबायसमोर उभा राहिला.

“बाई, घोळ हाय का?”

“हाय ना. सकालचीच हाय. केवढी पायजे?”

“एक जुडी द्या.”

हिराबायला कळेना. “जुडी म्हंजे?”

“म्हणजे एवढी, मुठीत मावेल एवढी.”

हिराबायनं पाटीवरचं फडकं बाजूला केलं. “ही तुजे मुठीत मावंल काय रं भाऊ?”

“अहो, मला भाजीची पाहिजे.”

“भाजी कर नायतर कालवण कर, ते तुजे बायकोला विचार. मी काय सांगू?”

रांगेतल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बिचारा इतका गांगरला की तिनं कापून दिलेली तुकडी निमूट घेऊन निघाला. पुढं कित्येक दिवस पालघरच्या बाजारात त्याचं नाव ‘जुडीवाला साहेब’ होतं, आणि हिराबाय मला मासळी देताना हमखास विचारायची, “जुडीत बांधू का सुटी देऊ?”

मी पोटभर हसून घेतलं आणि मग त्याला बसवून विचारलं, “बाबा, आक्काची घोळ दिसते कशी?”

“जमिनीला धरून पसरते. पान जाडसर असतं, बारकं. आंबट लागते. आमच्याकडं रानात आपोआप उगवते.”

“देठ लालसर?”

“हां, लाल. गुळगुळीत.”

अरे देवा. घोळाची भाजी. आमच्या वाडीत बाया वाफ्यातून उपटून बांधावर फेकतात ती. नाव तेच, पण आमच्याकडे घोळ म्हटलं की माणसाच्या जिभेवर समुद्रच येतो. त्या भाजीला दारात कुणी विकायला आणत नाही, कारण जी फुकट उगवते ती विकत कोण घेणार? ज्याला घरी खायची तो वाडीत जातो आणि खुडून आणतो. आणि आमच्याकडे ती करतात तीही सुका जवळा घालून. आक्काला हे सांगितलं असतं तर तिनं दूधही सोडलं असतं. शेजारची गुजराती बाई तिला लूणी म्हणते, माझ्याकडे जेवणारा उत्तरेचा वेल्डर कुलफा म्हणायचा. भाजी तीच, बारसं प्रत्येक गावानं वेगळं केलं.

मी म्हटलं, “उद्या मी माहीमला जाते, घेऊन येते. तुम्ही काही करू नका.”

पण आईसाठी कासावीस झालेला मुलगा ‘काही करू नका’ ऐकतो होय? रविवारी सकाळी मी निघायच्या बेतात असताना हा हजर, गळ्यातल्या टॉवेलात हिरवा भारा. “मावशी, मिळाली. क्वार्टरच्या मागं सगळीकडं पसरलीय. स्टोव्हवर टाकणारच होतो, म्हटलं तुम्हाला दाखवून घ्यावी.”

मी टॉवेल पडवीत उलटा केला. वरवर बघता घोळच. जमिनीला धरून पसरलेली, लाल देठांची, बारक्या पानांची. पण माझी बोटं डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. मी एक काडी घेऊन मोडली. मोडल्या जागी पाण्याचा थेंब आला. ती ठेवली. दुसरी मोडली, तिथं पांढरं दूध आलं.

“हे बघा,” मी म्हटलं. “ही दुधी. भोपळा नव्हे, तण. घोळाच्या मांडीला मांडी लावून उगवते आणि तिच्यासारखीच दिसते. घोळाचं पान दाबलं तर गुबगुबीत लागतं, हिचं कागदासारखं. घोळाचा देठ तुळतुळीत, हिच्यावर बारीक लव. पण हे सगळं राहू दे. मोडून बघायची. पाणी आलं तर भाजी, दूध आलं तर उकिरडा.”

“खाल्ली असती तर?”

“तुम्हाला ओकाऱ्या झाल्या असत्या, जुलाब झाले असते, दोन दिवसांत उभे राहिला असता. पण ज्या बाईच्या पोटात महिनाभर अन्न नाही तिला हे झालं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही.”

त्याच्या भाऱ्यात चांगली घोळही पुष्कळ होती, पण क्वार्टरच्या मागच्या जमिनीवर काय काय सांडलेलं असतं ते मला ठाऊक होतं. मी सगळा भारा कचऱ्यात टाकला आणि आमच्या ह्यांना चुलीवर लक्ष ठेवायला सांगून माहीमची वाट धरली.

वाडीला पाणी सुरू होतं. पाटाच्या कडेनं घोळ अशी माजली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन वर आल्यावर तिची पिवळी फुलं उघडतात, नखाएवढी, आणि दुपार झाली की मिटतात. फूल बघायचं तर त्याच वेळात जावं लागतं. बोंडाला नख लावलं तर झाकण निघतं आणि आतून खसखशीएवढं काळं बी सांडतं. दुधीला हे झाकण नसतं. चारही साक्षी झाल्या. मी टोपली भरून आणली.

घोळ धुणं हे खरं काम. जमिनीला चिकटून वाढते, त्यामुळं पानापानांत वाळू. पाण्यात सोडायची, हलवायची, वर काढायची, पाणी ओतायचं, आणि पातेल्याच्या तळाला एक कण दिसेनासा होईस्तोवर हेच. चिरून धुतली तर चिकट होते, म्हणून आधी धुवायची मग चिरायची. पडवीतल्या चुलीवर तेलात लसूण, सुकी मिरची, वर भिजवलेली मुगाची डाळ, मग घोळ. पाणी घालायचं नाही, तिचं तिला पुरतं. शेवटी दाण्याचं कूट. भाकरीला पवारनं गावाकडची ज्वारी दळून आणली होती. तांदळाची भाकरी मी झोपेत थापीन, पण ज्वारीच्या पहिल्या तीन भाकऱ्या माझ्या हातातच तुटल्या. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं.

डबा गेला. मी दारात वाट बघत बसले, मुलीला बघायला माणसं यायची असल्यासारखी.

पवार परतला तो धावत. झाकण काढून दाखवलं. भाकरी जेमतेम चतकोर मोडलेली होती, पण भाजीचा डबा चाटूनपुसून. “मावशी, खाल्ली तिनं. आणि उठून बसून बोलली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, कुणी खुडलीय ही? समदी जून देठं घेतल्याती. वरचं कवळं खुडायचं असतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या उन्हात माहीमला जाऊन आले, पाण्यात हात कुजवले, आणि वर हे? मी म्हटलं, “म्हणावं, एवढं कळतं तर स्वतः या खुडायला.”

मी रागानं बोलले होते. पण मंगळवारी सकाळी आक्का खरंच आली. नऊवारीचा काष्टा आवळलेला, कपाळावर बुक्का, अंगावर मांस म्हणून नाही. मुलाच्या दंडाला धरून उभी होती. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, “तूच व्हय गं खानावळवाली? चल, दाव तुझी घोळ.”

पवार म्हणाला, “आक्का, तुला एवढा प्रवास झेपायचा नाही.” ती म्हणाली, “तू जा कामावर.” तो तिला माझ्या हवाली करून गेला. पालघरला उतरून एसटीत बसेपर्यंत ती माझ्या खांद्यावर रेललेली होती आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. वाटेत हिला काही झालं तर त्या पोराला काय तोंड दाखवू?

वाडीत शिरल्यावर तिनं चपला काढल्या. पाटाजवळ बसली, मूठभर ओली माती उचलली, कुस्करली, वास घेतला. मग एक घोळाची काडी उपटली आणि दोन बोटांत धरून मोडली. पाणी आलं का बघितलं. मी तेच करत होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, “दूध आलं तर?”

“उकिरड्यावर,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली आणि वहिनीशी दोन शब्द बोलायला घरात गेले. दोन शब्द म्हणजे आमचे किती होतात ते बायकांना माहीत आहे. परत येऊन बघते तर टोपली तशीच रिकामी, आणि आक्का वाफ्यात. बायांबरोबर ओळीनं निंदायला बसलेली. कुणाचं तरी खुरपं मागून घेतलं होतं. आमच्याकडच्या बाया निंदणी म्हणतात, ही भांगलण म्हणत होती, पण हात तेच बोलत होते. तण मुळासकट निघत होतं, वेलीला धक्का नव्हता, आणि घोळ मात्र ती वेगळी काढून कवळे शेंडे ओटीत टाकत होती. मागं राहिलेल्या एकीला म्हणाली, “अगं, अशी ओरबाडतीस काय? मूळ राहिलं की पुन्यांदा यील.” ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “ही कोण हाय? आमाला शिकवते.”

मी तिला उठवायला गेले नाही. उठवावंसं वाटलं, पाय उचलला, पण तिचा चेहरा बघितला आणि थांबले. जन्मभर मातीत असलेली बाई. नवरा गेला, जमीन गेली, आणि मुलानं प्रेमानं सिमेंटच्या चार भिंतींत नेऊन खाटेवर बसवली. सुखात ठेवली, काही म्हणून करू दिलं नाही. त्या सुखानंच ती मरत होती. एवढं साधं मला आधी कसं सुचलं नाही? मी तूप वाढवत बसले होते.

दादा, म्हणजे माझा भाऊ, पाण्याच्या इंजिनाकडून आला. लांबून बघून म्हणाला, “यमे, नवी बाई कुठनं आणलीस? हात चांगला हाय. उद्यापण पाठव.”

मी त्याला गप्प राहायची खूण करत होते, कारण वाडीच्या झापाशी, म्हणजे झावळ्यांच्या फाटकाशी, पवार येऊन उभा होता. त्याला कामावर राहवलं नसावं. अंगात कामाचा खाकी शर्ट, पायात बूट. त्यानं दादाचं बोलणं ऐकलं, आईला ओळीत बसलेली बघितली, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

“मावशी, माझ्या आईला मजुरीला लावलीत?”

तो म्हणाला, “दुसऱ्याच्या रानात राबून तिचे हात फाटले म्हणून मी शिकलो. आता तिनं पुन्हा दुसऱ्याच्या रानात बसायचं? लोक काय म्हणतील मला?”

बायांची जेवणाची वेळ झाली होती. सगळ्या पोफळीच्या सावलीत फडकी सोडून बसल्या. कुणाकडे सुकट, कुणाकडे बोंबलाची चटणी. आक्का थोडी बाजूला सरकून बसली होती. मी दिलेल्या डब्यातली भाकरी हातावर घेतली होती आणि रविवारच्या टोपलीतली घोळ त्यावर. एकीनं संकोचून विचारलं, “आक्का, वास येते काय?” ती म्हणाली, “तुमचं तुमच्यापाशी, माजं माज्यापाशी. खावा गुमान.” पवारचा आवाज चढला तशी तिनं मान वर केली. तोंडात घास होता. तो नीट चावून गिळला, घाई केली नाही. दुसरी भाकरी अर्धी संपली होती.

“आक्का, उठ. घरी चल.”

“जेवतीय न्हवं का? दिसत न्हाई?”

तो वाफ्यातून पुढं यायला लागला तशी ती ओरडली, “आरं, बूट काढ आदी. पानी सोडलंय वाफ्यात. मानसाची मेहनत तुडवतोस व्हय?”

ओव्हरसियर साहेबानं पाटाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. अनवाणी बांधावरून आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. त्याची नजर तिच्या हातातल्या भाकरीवर खिळली होती. महिनाभर त्यानं तिला घास घेताना बघितलं नव्हतं. मग तो खाली बसला आणि दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडला. आक्कानं उरलेली भाकरी मोडली, घोळ घातली आणि त्याच्या हातात दिली.

“खा,” ती म्हणाली. “भाकरी बिगाडलीय हिनं, पर भाजी बरी हाय.”

बरी हाय. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून लोकांनी काय काय स्तुती केली, पण मला आजही त्या दोन शब्दांचा अभिमान वाटतो. भाकरीबद्दल ती बोलली ते मी ऐकलंच नाही असं धरलं.

पुढं ती वाडीवर येत राहिली, मनाला येईल तेव्हा. दादानं तिला वाडीच्या टोकाला एक वाफा तोडून दिला. त्यात ती मेथी लावायची आणि घोळ मुद्दाम राखायची, आणि आमच्या बाया हसायच्या की सातारची आक्का तणाची शेती करते. पवारनं राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आता तिकडं तण मारायचं औषध फवारतात, आणि जी घोळ दिसते ती गटाराकाठी. ती मी घेत नाही. जीव हळहळतो, पण नियम तो नियम.

आक्काला घेऊन माहीमहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी नेहमीसारखा तिचा डबा भरला आणि पवारची वाट बघत बसले. दुपार झाली तरी तो न्यायला आला नाही. मी घाबरून आमच्या ह्यांना क्वार्टरवर पिटाळलं. ते परत आले ते हसत. म्हणाले, “तुझा डबा बंद. आक्कानं पहाटेच उठून चूल मांडलीय. दोघांचा स्वयंपाक ती करणार. मुलाला म्हणाली, आता खानावळीत जेवायचं न्हाई.” मग मला चिडवायला म्हणाले, “तुटलं की नाही गिऱ्हाईक?”

मी तो भरलेला डबा घेऊन पडवीत बसले आणि एकटीनं पोटभर जेवले. गिऱ्हाईक तुटलं म्हणून देवापुढं साखर ठेवणारी खानावळवाली बोईसरात मी एकटीच असेन.